गाथेच्या मधला श्वास

मी लग्नांत साउंड लावतो. स्टेजच्या बाजूला, जनरेटरची वायर जिथून आत येते तिथं माझं टेबल असतं. टेबलावर मिक्सर, माझ्या कानाला हेडफोन. मांडवात बसलेल्यांना स्पीकरच्या बॉक्समधून जे ऐकू येतं ते तर मला येतंच, त्यांना येत नाही तेही येतं. माइक कुणाच्या हातात थरथरतोय, बोलणारा सुपारी चघळतोय का, नवरदेवाच्या मामानं जेवण आधीच उरकलंय का, सगळं कळतं.

काकांचा श्वास मला असाच कळला.

काका म्हणजे माझे घरमालक. नात्यानं कुणी नाहीत. माझं गाव सोलापूर जिल्ह्यात, करमाळ्याच्या पलीकडं. आठवी अर्धवट टाकून मी एका मंडपवाल्याबरोबर बाहेर पडलो आणि फिरत फिरत वाशिम जिल्ह्यात मालेगावला आलो. हे मालेगाव म्हणजे नाशिककडचं नव्हे, हे आईला अजूनही फोनवर सांगावं लागतं. मंडपवाला इथं धंदा मोडून निघून गेला. त्याचा जुना मिक्सर आणि मी, दोघं मागं राहिलो. तेव्हा काकांनी घरामागची खोली दिली. पुढं टाळेबंदी लागली, लग्नं बंद झाली, आणि त्या सगळ्या काळात मला दोन्ही वेळचं जेवण त्यांच्या घरातून आलं. काकांच्या बायकोला मी माय म्हणतो. "खाऊन घे, मंग रड," असं म्हणून ती ताट पुढं सरकवायची. मी रडत नसायचो. पण माझा चेहराच तसा आहे, असं तिचं म्हणणं.

चेहऱ्याचं सोडा, पण मी घाबरट आहे हे खरं. वायर गरम लागली तरी मी मेन स्विच बंद करायला पळतो. सकाळी सहाला घरून फोन आला तर उचलायच्या आधीच मनात सगळं वाईट होऊन गेलेलं असतं. त्यामुळं मी काही सांगितलं की लोक त्यातला निम्मा भाग माझ्या स्वभावात धरतात.

काका बौद्धाचार्य. त्यांच्या समाजात लग्न भटजी लावत नाही, समाजातलाच एक जाणता माणूस लावतो. पांढरा शर्ट, पांढरी पँट, पांढरी टोपी. मेणबत्त्या पेटवायच्या, वंदना घ्यायची, सगळ्यांकडून पंचशील म्हणवून घ्यायचं, नवरा-नवरीला प्रतिज्ञा द्यायची आणि मग गाथा. गाथा पालीतल्या, लांबलचक ओळींच्या. काका एक ओळ एका दमात म्हणायचे, ओळ संपली की श्वास, मग दुसरी ओळ. ही त्यांची पद्धत आजूबाजूच्या गावांत माहीत होती. शेतात सोयाबीन आणि तूर करणारा माणूस, पण वैशाखात त्यांच्या तारखा मिळायच्या नाहीत. मालेगाव, किन्हीराजा, मानोरा, कुठूनही बोलावणं यायचं. साउंड माझं असेल तर आम्ही एकाच गाडीतून जायचो.

मी सांगतोय त्या वैशाखाआधीच्या हिवाळ्यात काकांना अटॅक येऊन गेला होता. अकोल्याला नेलं, एक नळी बंद झाली होती ती उघडून जाळी बसवली, आणि ते परत आले. आल्यावर बऱ्याच गोळ्या मागं लागल्या. माय सकाळी वाटीत काढून द्यायची, काका पाण्याबरोबर घ्यायचे. त्यातली एक गोळी लघवीची. घरात तिला पाण्याची गोळी म्हणायचे. ती घेतली की दोन-तीन तास काका घरापासून लांब जात नसत. जाळी बसली म्हणजे काम झालं, असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं.

वैशाखाच्या सुरुवातीला एका लग्नात माझ्या कानात काहीतरी चुकल्यासारखं झालं. काकांनी ओळ सुरू केली आणि मध्येच, शब्द तुटणार नाही अशा जागी, एक बारीक श्वास घेतला. मांडवात कुणाला कळायचं कारण नव्हतं. पुढच्या लग्नात तोच श्वास आणखी अलीकडं आला. त्याच्या पुढच्यात एका ओळीत दोन. काका ते झाकायचेही छान. आवाज जरा लांबवायचे आणि त्याच्याआड हवा आत ओढायचे. पण हेडफोनमध्ये ती हवा फाटक्या कापडासारखी वाजायची.

मी मायला सांगितलं. ती अंगणात तुरीची डाळ पाखडत होती.

"काकांना धाप लागतेय गाथा म्हणताना."

"उमर झाली आता. दिवसाले दोन-दोन लग्नं लावून राह्यले. धाप नाई लागीन त काय होईन?"

"तसं नाही माय. श्वास मध्येच घेतात."

"तुले ते सांगत होते का श्वास कोठी घ्याचा?" मग सूप खाली ठेवून म्हणाली, "झोपताना दोन उश्या घेते आजकाल. उशी पातळ झाली म्हनते."

काका तेवढ्यात आतून आले. मायनं माझं बोलणं त्यांना सांगितलं. ते हसले.

"अबे, तुह्या मशीनले माहा श्वास ऐकू येते काय? मंग हेही ऐकून पाय, मी मनातल्या मनात तुले काय म्हनून राह्यलो ते."

माय पण हसली. मीही हसलो. दवाखान्यात दाखवून येऊ, एवढं मी म्हणून पाहिलं. काका म्हणाले, "हे सिझन जाऊ दे. पाय त सुजले नाई ना माहे?" त्यांनी पँट वर करून पोटरी दाखवली. पाय खरंच सुजले नव्हते. मी माझ्या वायरी गुंडाळायला गेलो.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी किन्हीराजाच्या पुढच्या एका गावात लग्न होतं. घर ओळखीचं, म्हणून मायही बरोबर आली होती. ऊन असं की बॉक्सच्या पत्र्याला हात लावता येईना. वरात वेळेवर आली, हेच नवल. वंदना झाली, पंचशील झालं, प्रतिज्ञा झाली. गाथा सुरू झाल्यावर तिसऱ्या का चौथ्या ओळीत मला हेडफोनमध्ये शब्दच येईनात, नुसती हवा यायला लागली. मी मान वर केली. काका उभे होते, डोळे उघडे, माइक तोंडाशी, आणि कपाळावरून घाम धारेनं खाली येत होता. ओठ निळसर दिसले. मी उठून पळालो, हेडफोनची वायर टेबलावरचं सगळं ओढत माझ्यामागं आली.

काकांना खुर्चीत बसवलं. कुणीतरी त्यांना आडवं करायला गेलं तर ते हातानंच नको नको करू लागले. आडवं झालं की जास्त गुदमरत होतं. मग बसलेलंच ठेवलं. रुग्णवाहिका यायला वेळ होता. नवरदेवाची गाडी दारातच उभी, फुलांनी भरलेली. नवरदेव स्वतः म्हणाला, "हेच घ्या. मी काय पळून चाललो काय?" त्या गाडीतून आम्ही काकांना घेऊन निघालो. मागच्या सीटवर मध्ये काका, एका बाजूला माय, एका बाजूला मी. रस्त्यातली माणसं नवरी बघायला आत वाकून पाहायची. बॉनेटवरची झेंडूची माळ सुटून काचेवर आपटत होती आणि ड्रायव्हर एका हातानं ती बाजूला करत होता.

मालेगावात ऑक्सिजन लावला आणि तसंच वाशिमला धाडलं.

वाशिमच्या दवाखान्यात इंजेक्शन दिलं, तोंडाला मास्क बसवला, लघवीची नळी टाकली. संध्याकाळ व्हायच्या आत ती पिशवी एकदा भरून रिकामी केली, परत भरली. काकांच्या छातीत झालेलं बरं व्हायला लघवीची पिशवी का भरतेय, हे मला कळेना. विचारायची भीती वाटत होती. आठवी सुटलेल्या माणसानं डॉक्टरला काय विचारायचं, असं मला नेहमी होतं. शाळेत हृदयाचं चित्र होतं ते आठवत होतं, एक बाजू लाल, एक बाजू निळी. त्याला नावं द्यायची होती. ती द्यायच्या आधीच मी शाळा सोडली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका उशीला टेकून बसले होते. मास्क जाऊन नाकात बारीक नळी आली होती. डॉक्टरीणबाई आल्या, वयानं माझ्याएवढ्याच असतील. त्यांनी काकांच्या पाठीवर स्टेथोस्कोप लावला, इकडं-तिकडं सरकवला. मी पलीकडं उभा होतो. त्यांनी विचारलं, "तुम्ही मुलगा?"

मी म्हणालो, "नाही. साउंडवाला."

सिस्टर हसली. काका मास्क नसलेल्या तोंडानं म्हणाले, "त्यालेच पयले ऐकू आलं होतं म्याडम. आमी मनावर नाई घेतलं."

मग मला सगळं सांगावं लागलं, ओळीतला श्वास कसा अलीकडं आला ते. डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं आणि कानातलं काढून माझ्या हातात दिलं. "ऐका." पाठीच्या खालच्या बाजूला त्यांनी ते धरलं. काकांनी श्वास आत घेतला की शेवटी बारीक बारीक तडतड यायची. माझ्या तोंडून निघालं, "माइकचा जॅक सैल झाल्यावर येते तशी खरखर आहे." त्या म्हणाल्या, "तिथं पाणी आहे. काल वरपर्यंत ऐकू येत होतं, आज खालीच आहे."

नंतर त्यांनी ते काकांच्या छातीवर ठेवलं. मी पहिल्यांदा माणसाचं हृदय नीट ऐकलं. दोन आवाज, एक जाड, एक आखूड, मग थोडी जागा, परत दोन.

"हा ठोका ना?" मी विचारलं.

"ठोका म्हणा. पण आवाज येतो तो दारं मिटल्याचा. हृदय आवळतं तेव्हा रक्त पुढं जातं, आणि मागं येऊ नये म्हणून आतल्या झडपा बंद होतात. त्या बंद झाल्या की हे वाजतं."

मी इतकी वर्षं धडधड म्हणजे हृदय छातीवर आपटतं असं समजत होतो.

त्यांना दुसऱ्या पेशंटकडं जायचं होतं, पण काकांनीच थांबवलं. "म्याडम, हे पानी आलं कोठून? मी त उन्हात पानी बी कमीच पेत होतो." डॉक्टरीणबाई कॉटच्या कडेला टेकल्या आणि चादरीवर बोटानं काढून दाखवू लागल्या. ते मी माझ्या शब्दांत लिहितो, चुकलं तर माझं चुकलं.

हृदय एक दिसत असलं तरी त्यात पंप दोन. उजवा आणि डावा, मध्ये भिंत. अंगभर फिरून आलेलं रक्त उजव्या बाजूला येतं. उजवा पंप ते फुप्फुसात पाठवतो. तिथं त्याला हवा मिळते. मग ते डाव्या बाजूला येतं आणि डावा पंप ते सगळ्या अंगाला पाठवतो, डोक्यापासून पायाच्या बोटापर्यंत. तिथून परत उजवीकडं. रक्त तेच, सारखं फिरत राहतं. आणि हे दोन पंप एकमेकांना बांधलेले. उजव्यानं जेवढं पाठवलं तेवढंच डाव्यानं पुढं ढकललं पाहिजे. थोडंसंही मागं राहायला लागलं, की दर ठोक्याला थोडं थोडं साठतं.

काकांचा अटॅक डाव्या बाजूला आला होता. हृदय सगळ्यांना रक्त देतं, पण त्याला स्वतःला लागणारं रक्त बाहेरून गुंडाळलेल्या बारीक नळ्यांतून येतं. त्यातली एक बंद झाली तेवढ्यात त्या भागाचं मांस कमजोर झालं. जाळीनं नळी उघडली. पण गेलेला जोर सगळा परत आला नाही.

"म्हणजे उजवा आपला पाठवतोय जोरात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणि डाव्याला ते पुढं सरकवायला जमत नाही. मग मध्ये काय आहे?"

"फुप्फुस," मी म्हणालो.

"तिथं दाटी होते. रक्तातलं पाणी हवेच्या जागेत झिरपतं. आडवं झालं की जास्त. म्हणून उशा वाढतात."

काका सगळं ऐकत होते. म्हणाले, "पन माहे पाय सुजले नाई."

"डाव्या बाजूचं आधी छातीत दिसतं. पायावर यायची वाट बघायची नसते. त्यासाठी तर ती लघवीची गोळी आहे. किडनीतून जादा पाणी बाहेर काढते, रक्ताचा बोजा कमी होतो, डाव्या पंपाला तेवढंच काम झेपतं. रोज घेत होता ना?"

"घेतो ना," काका म्हणाले.

डॉक्टरीणबाई गेल्या. सिस्टर नळीची पिशवी बघायला खाली वाकली होती. ती रिसोडकडची, वयानं मोठी. वाकल्या-वाकल्याच तिनं विचारलं, "बाबाजी, घरी मुताले किती खेपा जात होते?"

काकांनी चादर छातीपर्यंत ओढून घेतली.

"येवढं पानी एका दिवसात नाई भरत. खरं सांगा. गोळी कोन खाल्ली, तुमी का कोंबडीनं?"

माय एकदम उठून उभी राहिली. "मी रोज वाटीत देतो व सिस्टर, माह्या हातानं."

काका छताकडं बघत म्हणाले, "लग्नाच्या दिवशी नाई घेत."

"काहून?"

"काहून म्हन्ते! आता तुमीच सांगा बाई. नवरा-नवरी हात जोडून उभे हायत. शंभर मानूस डोळे मिटून बसलं हाय. आन् म्या म्हनू काय, थांबा बावा, मी मुतून येतो?"

सिस्टरला हसू आवरेना. पलीकडच्या कॉटवरचा म्हाताराही हसला. माय हसली नाही.

"मी ते एकच सोडत होतो," काका म्हणाले. "दिलाच्या गोळ्या साऱ्या घेत होतो. ते त पान्याची हाय. मले वाटलं, पायाले सूज नाई, त एखांद्या दिवशी नाई घेतली त काय होते?"

एखाद्या दिवशी, असं ते म्हणाले. पण वैशाखात त्यांना रोजच लग्न होतं. हे मायच्या आणि माझ्या एकाच वेळी डोक्यात आलं असावं, कारण तिनं माझ्याकडं पाहिलं. नंतर त्यांनीच सांगितलं, वाटीतली ती गोळी ते शर्टाच्या खिशात टाकायचे आणि रस्त्यात खिडकीतून फेकून द्यायचे. मी शेजारीच बसलेला असायचो. बाहेर काहीतरी उडालेलं पाहिलंही असेल मी.

मायनं जेवणाचा डबा उचलला. मग म्हणाली, "लोकायची लग्नं लावता लावता मले रांडाव करत होते तुमी." आणि डबा धुवायला गेली.

त्या दिवशी डॉक्टरीणबाई परत आल्यावर मी धीर करून विचारलं, माझंही ऐकता का. माझ्या छातीत रोज काही ना काही होत असतं. त्यांनी ऐकलं आणि मलाही ऐकू दिलं. फार जोरात चाललं होतं. त्या म्हणाल्या, "चांगलं आहे. घाबरलेलं आहे, एवढंच."

काका घरी आले. मीठ कमी. लोणचं, पापड बंद. पाणी बेतानं. आणि रोज सकाळी वजन करायला सांगितलं होतं. दोन-तीन दिवसांत वजन भराभर वाढलं तर ते अन्नाचं नव्हे, पाण्याचं, लगेच या, असं. घरात काटा नव्हता. घरापासून जवळ एका अडत्याचं दुकान, तिथं सोयाबीन मोजायचा मोठा काटा. काका सकाळी चप्पल काढून त्यावर उभे राहायचे. अडत्याला तेवढंच हवं होतं.

"काका, आजच्या मालात ओलावा किती हाय? पानी लय असन त वजनातून कटती लावीन मी."

"लाव ना. तुही नियत माहीत हाय मले. हवा मोजून बी तू कटती लावशीन."

काटा सारखा दाखवायचा तेव्हा माझा दिवस बरा जायचा. थोडं जास्त दाखवलं की मी मायला दोनदा विचारायचो, भाजीत मीठ किती टाकलं. ती म्हणायची, "तुह्या डोळ्यातलं टाकलं."

खरी अडचण पुढं होती. लग्नांच्या तारखा आधीच घेतलेल्या होत्या. काकांनी बऱ्याच दुसऱ्यांना देऊन टाकल्या, पण काही घरं ऐकेनात, आणि काकांनाही घरात बसवेना. डॉक्टरीणबाईंना फोनवर विचारलं. त्या म्हणाल्या, उभं राहायला हरकत नाही, दमू नका, उन्हात थांबू नका. लग्नाच्या दिवशी गोळी सकाळी नको असेल तर लग्न लागल्यावर घ्या, पण दुपार टळू देऊ नका आणि चुकवायची तर अजिबात नाही.

ऐकायला सोपं होतं. पण पत्रिकेवर साडेअकरा लिहिलेलं लग्न साडेअकराला लागतं असं आमच्या भागात कुणी पाहिलेलं नाही. बरं झाल्यावरच्या पहिल्याच लग्नाला नवरदेवाची वरात गावाच्या वेशीवर नाचत बसली. बारा वाजले, एक वाजला. काका मांडवात पंख्यासमोर बसून, खिशात गोळी. मी माइक तपासायचं निमित्त करून तीन वेळा त्यांच्याजवळ गेलो.

"घेऊन टाका काका."

"आता घेतली आन् वरात आली त? येतीन आता पाच मिनिटात."

दोन वाजले. वेशीवरच्या डीजेचा आवाज आहे तिथंच होता. हेडफोन काढून मी बसलो होतो, ऐकायला काही नव्हतं, आणि तरी मला त्यांचा श्वास ऐकू येतोय असं वाटत होतं. शेवटी मायच उठली. दवाखान्यापासून ती प्रत्येक लग्नाला बरोबर यायला लागली होती, पांढरं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसायची. पाण्याचा गडवा घेऊन ती काकांच्या समोर उभी राहिली.

"काढा खिशातली."

"वरात—"

"वरात गेली खड्ड्यात. काढा."

"मधातच लागली त कसं करू मी?"

"जाजा उठून. मी म्हनतो पुढचं."

काकांनी तिच्याकडं पाहिलं. "तू?"

"मले येत नाई काय? लग्न झाल्यापासून रोज सकाळी कोनाच्या कानात म्हनून राह्यले तुमी? म्हशीच्या?"

"येनं वेगळं. लोक काय म्हनतीन?"

"म्हनतीन, बुढा मुताले गेला." माय गडवा पुढं करून म्हणाली. "बुढा मेला म्हनन्यापक्षा बरं हाय."

आजूबाजूच्या दोन बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. काकांनी गोळी घेतली. त्या दिवशी वरात इतकी उशिरा आली की गोळीचं काम तोवर होऊन गेलं होतं आणि काकांनी लग्न स्वतःच पूर्ण लावलं. माइक सोडायची वेळ आली नाही. पण त्यानंतर ते गोळी सकाळीच घ्यायला लागले, रोजच्यासारखी, वाटीतून, मायच्या देखत.

वेळ आली ती मानोऱ्याकडच्या एका लग्नात. ते लग्न नेमकं वेळेवर लागलं. काकांनी वंदना घेतली, पंचशील दिलं, प्रतिज्ञा झाली. आता ते एका ओळीत दोन श्वास घ्यायचे, उघड, लपवून नाही, आणि मला त्या श्वासांची सवय झाली होती. पहिली गाथा झाली. दुसरीच्या अर्ध्यात त्यांनी माझ्याकडं नजर टाकली. मला काय करावं कळेना. त्यांनी गाथा पूर्ण केली, माइकमध्येच, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाले, "पुढच्या गाथा आमच्या घरच्या म्हनतीन," आणि माइक मायकडं दिला.

मांडवात थोडी कुजबुज झाली. नवरदेवाच्या बाजूचा एक माणूस उभा राहिला, बहुतेक काही विचारायला, आणि त्याच्या बायकोनं त्याला खाली ओढलं.

मायनं माइक तोंडाला इतका चिकटवून धरला की पहिला शब्द बॉक्समधून फुटला. पहिल्या रांगेतलं लेकरू दचकलं. मी पटकन आवाज खाली घेतला, खर्ज कमी केला, आणि ओळ सरळ झाली. तिचा आवाज काकांपेक्षा जाड आहे हे मला माहीत नव्हतं. घरात ती मोठ्यानं बोलते, पण गाते तेव्हा आणखी कुठून तरी खालून येतो तो. एक ओळ, एक दम. मग श्वास. तिनं एकही जागा चुकवली नाही. माझ्या टेबलाजवळ बसलेली एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "बाईच बरी हाय व. बुढ्यापक्षा समजून त येऊन राह्यलं."

तिचं सुरू असताना मी टेबलावरून मागं वळून पाहिलं. मांडवाच्या कनातीपलीकडं काटेरी कुंपण, त्याच्यापुढं नांगरून ठेवलेलं काळं रान. काका कुंपणाजवळून परत येत होते. हात धुवायच्या ड्रमजवळ थांबले. नळ सोडून सावकाश हात धुतले, रुमालानं एकेक बोट पुसलं, टोपी काढून पुन्हा नीट घातली. मला वाटलं आता येतील. ते आले नाहीत. ड्रमच्या सावलीला एक रिकामी खुर्ची होती, तिच्यावर बसले आणि मान खाली घालून ऐकत राहिले.

वाढप्यांपैकी कुणीतरी त्यांना विचारलं, "काका, तिकडं लग्न लागून राह्यलं, तुमी इकडं?"

"लागू दे ना," काका म्हणाले. "ते बुढी काय मले विचारून थांबून राह्यली?"

मायची शेवटची गाथा चालू झाली तेव्हा मी हेडफोन एका कानावरून सरकवला, की दोन्हीकडचं ऐकू यावं, एका कानात माय आणि दुसऱ्या कानाला ड्रमकडचे काका.